झाकलेली बाटली

बावीस वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणाऱ्या मावशींना कुणी म्हणावं, की तुमच्या बाटल्या अस्वच्छ होत्या? जिभेला काही हाड? आधी साबण, मग नळाचं पाणी, तीनदा शुद्ध पाणी, शेवटी भट्टीत वाळवणं. घरी सुनेने घासलेली वाटीसुद्धा त्या पुन्हा उजेडात धरून बघायच्या.

साहेबांचा प्रयोग असा. पेरोव्हस्काइट नावाची नारिंगी भुकटी बाटलीतल्या द्रवात टाकायची आणि वर निळा दिवा लावायचा. उजेडाच्या जोरावर ही भुकटी रासायनिक क्रिया घडवते आणि पाण्यासारखा द्रव गुलाबी होतो, असं साहेबांचं म्हणणं. जोडीला तशीच दुसरी बाटली चंदेरी कागदात गुंडाळून अंधारात ठेवायची. तिच्यातला द्रव बदलला नाही, की श्रेय उजेडाचं.

गुंडाळायचं काम मावशींचं. ती बाटली दिव्याखाली अडचण करते म्हणून साहेब तिला खिडकीत ठेवायला लावायचे. दिव्याखालची बाटली फडक्याने धरावी लागे इतकी तापायची, खिडकीतली गार. मावशींनी सरळ विचारलं होतं, "साहेब, हीसुद्धा तेवढीच तापवायला नको का?"

"मावशी, तुम्ही बाटल्या धुवा," साहेब म्हणाले. सगळे हसले. मावशीही हसल्या, आणि याचाच त्यांना पुढे स्वतःवर राग येत राहिला.

शोधनिबंध छापून आला, साहेबांचा सत्कार झाला. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने पंखा लावून, बाटली गार ठेवून तोच प्रयोग केला. द्रव काही गुलाबी होईना. इकडे चौकशी लागली आणि खापर फुटलं मावशींवर. टाइप केलेला कागद त्यांच्या हातात आला: 'निष्काळजीपणामुळे बाटल्या अस्वच्छ राहिल्या व निकाल चुकले.' खाली सहीची जागा. निवृत्तीला चार महिने उरले होते. "सही करून टाका, काही होणार नाही," साहेब म्हणाले. काही होणार नाही म्हणे! बावीस वर्षांची अब्रू म्हणजे काहीच नाही?

चौकशीच्या खोलीत मावशी गरम पाण्याचं पातेलं आणि नव्या बाटल्यांचा सीलबंद खोका घेऊनच शिरल्या. विभागप्रमुख बाईंना म्हणाल्या, "मी कशालाच हात लावत नाही. तुमच्याच विद्यार्थिनीला करू द्या."

मुलीने खोका फोडला, बाटली भरली, भुकटी टाकली, चंदेरी कागद गुंडाळला आणि बाटली पातेल्यात ठेवली. दिवा कुणी लावलाच नाही. तासभर मधूनमधून गरम पाणी ओतत सगळे बसून राहिले. मग कागद सोडला. द्रव गुलाबी झाला होता, छापलेल्या फोटोत होता तितकाच.

साहेबांनी घसा खाकरला. "म्हणजे उष्णतेने होतंय. ही शंका मला आधीपासून..."

मावशींनी घडी केलेला तो कागद उलगडून त्यांच्यापुढे सरकवला. "बाटल्यांचं तेवढं खोडा. निष्काळजीपणाचं राहू द्या, आणि खाली सही तुम्ही करा."

विभागप्रमुख बाईंनी आपलं पेन काढून कागदावर ठेवलं.