खांबांवरचे खडूचे आकडे

उल्हास नदी खाडी होऊन समुद्राला मिळते, तिथल्या किनाऱ्यावर मी दर रविवारी पक्षी बघायला जायचे. पूनम सागर या नव्या वसाहतीत राहायला येऊन दुसरं वर्ष होतं. फाल्गुन लागला होता. तुतवार आणि कुरव हे हिवाळी पाहुणे उत्तरेकडे परतायचे दिवस. कोण शेवटचा कधी दिसला, हे मला तारखेनिशी हवं होतं. पहिली बस, दुर्बीण, वही, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली. सगळं ठरलेलं.

पक्षी नेमका कुठे बसला हे लिहायला सोपं जावं म्हणून मी बोंबील वाळवायच्या खांबांवर खडूने आकडे घातले होते, एक ते चोवीस. दोन रविवार मी पाण्याच्या कडेने फिरून येईपर्यंत ते पुसलेले. दव म्हणावं, तर जवळच्या मोडक्या होडीवरची माझी खडूची खूण शाबूत होती. कुणीतरी मुद्दाम पुसत होतं. तिकडे फासे लावून बगळे धरणारा एक माणूस हिंडायचा. माझी मोजदाद त्यालाच नको असणार.

तिसऱ्या रविवारी आकडे घातले, होडीमागे बसले आणि दुर्बीण पक्ष्यांऐवजी खांबांवर धरली.

आली ती साठीची एक कोळीण. हातात ओलं फडकं. पहिले चार खांब पुसून झाले, मग पाचवा, सहावा, सातवा.

मी पुढे झाले आणि आकडे का पुसता, असं सवयीने हिंदीत विचारलं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मराठी हायस ना? मंग मराठीत सांग. कोन्या बिल्डरची हायस?"

मी कुणाची नाही, ऑफिसात नोकरी करते, पक्षी मोजते, असं सांगितलं.

"पाखरांना नंबर कशाला लागतो, बाय? नंबर जागंला लागतो."

तिच्या भावाच्या शेतात आधी एक वहीवाला आला होता. मग दगडांवर आकडे पडले, मग भिंत उठली. हे चोवीस खांब आणि खालची वाळू एवढंच तिचं पोट, आणि त्याचाही कागद तिच्याकडे नव्हता. आमच्या बिल्डिंगच्या जागी पूर्वी काय होतं, हे मी घर घेताना विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही.

तिने वही वाचून दाखवायला लावली. मी वाचलं : सात, खंड्या, एक. अकरा, घार, एक. तेरा, काही नाही.

"काय न्हाय, ते पन लिवतेस?"

"हो, मावशी."

तिने फडकं माझ्यापुढे धरलं. उरलेले सतरा आकडे मी पुसले. खडू तिने मागून घेतला आणि कनवटीला लावला.

पुढच्या रविवारी ती बसथांब्यावरच उभी होती. तिने माझी पिशवी उघडली, बाटलीखाली हात घालून तळ चाचपला. खडू नव्हता. मग वाट सोडली, पण फडकं आणलंच होतं. मला राग आला नाही. तिच्या जागी मी तर वहीची पानंही उलटून पाहिली असती.