भांडेवाली कोण?

शालूचोरीचं ते प्रकरण आठवलं की आजही आधी राग येतो आणि मग पोट धरून हसू येतं. मी वयानं नव्हे, राजीनाम्यानं निवृत्त झालेला फौजदार. आता फेरीवाल्यांसाठी आणि घरकामगारांसाठी पत्रकं लिहितो. लोक विचारतात, हे खूळ डोक्यात कुठून शिरलं? इथून शिरलं. नावं कुणाचीच देत नाही. गाव अर्जुनी मोरगावकडचं, एवढं पुरे.

सकाळची हजेरी घेऊन टेबलाशी बसतो तोच एक बाई अर्ज घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न. मांडव पडलेला, पाहुणे उतरलेले आणि नवरीचा शालू कपाटातून गायब. अर्जात शेवटी लिहिलेलं : ‘संशय आमच्या भांडेवालीवर आहे.’

खबरही हातोहात मिळाली. त्यांच्या घरासमोरचा पानठेलेवाला आमच्या हवालदाराला म्हणाला, “भांडेवाली गठुळं घेऊन जाताना पायली मी, काल.” झालं! हवालदारानं त्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला उचलून थेट ठाण्यात आणलं.

मी भडकलो. बाईमाणसाला काही विचारायचं तर तिच्या घरी जाऊन विचारायचं, हा साधा कायदा. तो गरिबाच्या दारात पोचेपर्यंत कुठं गळून पडतो? महिला शिपायाला शेजारी बसवलं, पाणी दिलं आणि तक्रारदार बाईंना विचारलं, “यांचं नाव काय?”

त्या म्हणाल्या, “आम्ही भांडेवालीच म्हणतो.”

शालूचा रंग तोंडपाठ, काठावरचे मोर तोंडपाठ आणि रोज घरात येणाऱ्या बाईचं नाव ठाऊक नाही! नाव तिनं स्वतःच सांगितलं, मोठ्यानं. रडत नव्हती, पेटली होती.

“साहेब, मी काल रिकाम्या हातानं गेली. पन गावानं मले ठाण्यात नेताना पायलं. आता कोनतं घर मले आत घेईन? शालू नाही सापडला तं मी जलमभर चोट्टी.”

या वाक्यानं मला खुर्चीवरून उठवलं. हवालदारानं पानठेलेवाल्याचं नुसतं ऐकलं होतं, जबाब लिहून घेतला नव्हता. मी कागद घेऊन ठेल्यावर गेलो आणि पहिलाच प्रश्न केला, “बाई दिसायला कशी होती?”

“डोक्यावर मोठं टोपलं, साहेब. गंज, पराती, डबे. वरतं गठुळं.”

“अरे, भांडी घासणारी टोपलंभर पराती कशाला मिरवेल?”

“घासनारी कोन म्हनलं? जुने कपडे घेऊन भांडे देते, ते भांडेवाली!”

“मग तसं सांगायचं होतं!”

“तुमच्या हवालदारानं इचारलं का? भांडेवाली म्हनलं तं गाडीले किक मारून गेला बी.”

एक शब्द, दोन बाया. विकणारी भांडेवाली, घासणारीही भांडेवाली आणि पोलिसाला जवळ सापडली ती गुन्हेगार.

समोरच्याच मांडवात नवरीचे आजोबा बसले होते. विचारलं, “आबाजी, काल भांडेवालीला काही दिलं का?”

म्हातारा खुलला. आतून चकचकीत गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आला. “पाहा! माहं जुनं धोतर देल्लं, दोन फाटक्या पँटी देल्ल्या. घासाघीस करून हे घेतलं. लग्नात वरन शिजवाले कामी येईन.”

ठाण्यातून माझ्यामागोमाग घरी परतलेल्या तक्रारदार बाईंनी कपाळावर हात मारला. “आबाजी! जरी काळी पडू नये म्हणून शालू त्याच धोतरात गुंडाळला होता!”

“मंग सांगावं नं! धोतर माहं, कपाट माहं, मले का सपन पडते?”

मांडवातले पाहुणे हसून लोळायचे बाकी राहिले.

भांडेवाली, म्हणजे विकणारी, त्या दिवशी नवेगाव बांधच्या बाजारात पसरा मांडून बसली होती. पंच घेऊन जीप नेली. आम्हाला पाहताच तिनं मांडीखालून गठुळं काढलं. “साब, रात को खोला तो धोतरातून शालू निकला! कोनाचं तरी लगन अडून राहिलं असंन म्हनलं. बाजार उठला की वापस घेऊन येनारच होती.”

शालूची घडीसुद्धा मोडली नव्हती. चोरीच झाली नव्हती, तर मुद्देमाल कसला? जप्त केला असता तर शालू कोर्टाच्या हुकमाची वाट पाहत मालखान्यात आणि नवरी मांडवात. तिलाच जीपमध्ये बसवून शालू घरी पोचवला. गठुळं परत आलं, तर गंजही परत द्यायला हवं; पण आबाजी ते सोडेनात. “सौदा म्हनजे सौदा!” शेवटी त्यांनी लग्नासाठी शिवलेला, आदल्या दिवसापासूनच अंगात चढवलेला कोट काढून तिच्या टोपल्यात टाकला आणि गंज काखेत मारला.

एक गोष्ट या प्रकरणानं मला शिकवली. फेरीवाला, ठेलेवाला, भांडेवाली हे शब्द धंद्याचे आहेत, माणसाचे नव्हेत. गिऱ्हाइकानं हाक मारायला ते ठीक. पण संशय घ्यायला असले शब्द पुरतात, हीच चीड आणणारी गोष्ट आहे. आरोप करता ना? मग आधी नाव विचारा!

दुसऱ्या दिवशी मांडवात भर पंगतीत नवरीच्या आईनं भांडी घासणाऱ्या बाईला हाक मारली. नावानं, पुढं ‘ताई’ लावून. ती वळलीच नाही. त्या घरात त्या नावाची सवयच नव्हती. दुसरी हाक आली तेव्हा ती थांबली, वळली आणि कमरेवर हात ठेवून हसत म्हणाली,

“एक डाव अजून म्हना. या लोकाइले ऐकू नाही आलं.”