नाक्याअलीकडं उतरणाऱ्या पाटीलबाई

रिक्षात असोत नाहीतर कुणाच्या बैलगाडीत, जकात नाका जवळ आला की पाटीलबाई खाली उतरत. पिशवी छातीशी धरून नाका चालत ओलांडत आणि पलीकडं पुन्हा गाडीत बसत. एखादा नवा रिक्षावाला हसायचा. "बाई, रिक्षाला न्हाय ओ हा नियम!" बाईंचं उत्तर ठरलेलं. "तू हो पुढं, आलोच मी."

नियम सायकलींचा होता. त्या काळी सायकलवर डबलसीट बसायला बंदी होती. नाक्यावरच्या हवालदारानं धरलं तर दंड, नाहीतर चाकातली हवा जायची. म्हणून जो तो नाक्याअलीकडं मागच्याला उतरवी आणि पलीकडं थांबून पुन्हा बसवून घेई.

मी त्यांच्या शाळेत शिक्षिका म्हणून नवी लागले तेव्हा बाई चौथीचा वर्ग घ्यायच्या. मूळच्या गडमुडशिंगीच्या. नुसत्या आवाजानं मैदानापलीकडची पोरं गप्प करायच्या. आमच्याकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' बोलायच्या आणि फळ्याकडं वळल्या की 'मी आले' असं स्वच्छ अक्षरात लिहायच्या. रस्त्याच्या नियमांचा धडा मात्र माझ्यावर ढकलायच्या. "तूच घे गं सुमन. माझ्या तोंडून नको."

माझं घर त्यांच्याच वाटेवर. मी लेडीज सायकल घेतली आणि बाई माझ्यामागं कॅरिअरवर बसू लागल्या. एकदा दोघी पेपर तपासत बसलो होतो. मी सहज म्हणाले, "बाई, रिक्षातनं कशाला उतरता?"

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "आमचं हे फौंड्रीत कामाला हुतं. रोज मला सायकलवरनं शाळेत सोडायचं. त्या दिवशी हवालदार जाग्यावर न्हवताच, च्याला गेलता. हे म्हणालं, 'बस की, कोण न्हाय.' मी म्हणालो, 'नियम म्हंजे नियम. पोरांना काय तोंड दाखवू? तुम्ही व्हा पुढं, आलोच मी.' हे पलीकडं कडेला माझी वाट बघत थांबलं. उसाचा ट्रक तिथंच कलंडला. मी निम्म्या वाटेत हुतो."

मी समोरचे पेपर बाजूला सारले. त्याच पुढं म्हणाल्या, "हवालदार घरी येऊन रडला. म्हणाला, 'बाई, माझ्या भीतीनं झालं.' त्याला काय सांगू? तो तर तिथं न्हवताच."

नंतर काही वर्षांनी डबलसीटची बंदी उठली. शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तरांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली आणि सगळे हसले, टाळ्या वाजल्या. बाईंनी पेपर मागून घेतला. बराच वेळ हातात धरून बसल्या. शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "आज उतरायचं न्हाय. बसवूनच ने मला."

नाक्यावरच्या पोलिसानं आमच्याकडं बघितलंही नाही. बाईंनी माझी कंबर इतकी आवळली की श्वास घेता येईना. मी न थांबता पॅडल मारत राहिले. त्यांच्या घराच्या वळणावर त्या उतरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू थांबली न्हाईस."

"बाई, आता थांबावं लागत नाही."

"हे तिथं उभं हुतं गं. माझ्याकडं बघत हुतं. आणि मी त्यांच्या पुढनं बसून आलो."

त्यानंतर बाई कशातच बसल्या नाहीत. शाळेपर्यंतचा सगळा रस्ता चालत यायच्या. मीही सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चालू लागले. नाका ओलांडला की त्या माझ्यापासून थोड्या लांब सरकायच्या. आधी वाटलं, गर्दीमुळं असेल. पण मोकळ्या रस्त्यावरही तसंच. आमच्या दोघींमध्ये एका माणसाला सायकल ढकलत चालता येईल एवढी जागा राहायची. त्या जागेकडं बघून बाई कधी कधी हळूच मान हलवायच्या. मी एकदाही विचारलं नाही. काही दिवसांनी नाका ओलांडला की मीच आधी सरकायची.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडं हातकणंगल्याला गेल्या आणि तिथंच वारल्या. कळलं त्या दिवशी मी शाळेतून घरी चालत आले. रस्त्याच्या अगदी कडेनं, शेजारी दोघांपुरती जागा सोडून.