झाकणासमोर

पनवेलच्या आमच्या यार्डात समुद्रतळावरच्या तेलविहिरींचे जुने व्हॉल्व्ह तोडायला येतात. ते खोलणारे फिटरकाका कुठल्याच झाकणासमोर उभे राहत नाहीत. व्हॉल्व्हच्या नळकांड्यात झाकणामागे जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. काका बाजूला उकिडवे बसून लांब बोल्ट हळूहळू सैल करतात आणि तिचा जोर उतरू देतात. जेवणाचा डबासुद्धा ते तोंड फिरवून उघडतात. आम्ही हसतो. "हसा तुमी," एवढंच म्हणतात.

परवा नव्या कटरवाल्याने घाईत झाकणाचे बोल्टच गॅसने कापायला घेतले, तेही अगदी समोर उभं राहून. गॅसच्या आवाजात त्याला आमच्या हाका ऐकू जाईनात. काका पलीकडून धावले, झाकण आणि तो यांच्या मधे घुसले आणि त्याला कवेत घेऊन बाजूला पडले. त्याच क्षणी झाकण सुटलं आणि समोरचा पत्रा फाडून गेलं.

मी काकांना पाणी दिलं. त्यांची बाही जळाली होती.

"काका, तुम्ही झाकणासमोर गेलात?"

पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, "तो तिथं उभा व्हता ना."