कर्नाळ्याच्या कुंपणावरचा लाल डोक्याचा सरडा आणि न भिजवलेले पोहे

पनवेलची माणसं कर्नाळ्याला पक्षी बघायला जातात, किल्ला चढायला जातात. मी सरडा बघायला गेले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "या वयात?" म्हटलं, या वयातच जमलं, आधी कुणी सोडलंय घराबाहेर?

माझी नात सायली सरड्यांचा अभ्यास करते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा दिलीप, याला ते काम लोकांना सांगायचीही लाज. त्यानं खारघरचं एक स्थळ आणलं आणि रविवारी पाहुण्यांना बोलावूनही टाकलं. सायली म्हणाली, आत्ता लग्न नको, अजून दोन पावसाळे काम आहे. घरात धुसफूस. शेवटी दिलीप माझ्याकडे आला. "आई, ती तुझं ऐकते. शनिवारी तिच्याबरोबर जा आणि हो म्हणवूनच घरी आण." मलाही ते पटलं होतं. पोरगी शिकलेली असली म्हणून काय झालं, वय काही थांबत नाही, असं मनाशी धरूनच मी चपला घातल्या.

तुम्हाला जायचं असेल तर पनवेल स्टँडवरून पेणकडची एसटी धरा, पण कर्नाळ्याला थांबते का ते चढायच्या आधी विचारा. नंतर विचारलं तर कंडक्टर आपल्यालाच शहाणपण शिकवतो. बायकांना अर्धं तिकीट. पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. माझ्या तोंडाकडे बघूनही त्यानं कार्ड मागितलं. मी म्हटलं, कार्डावरचा फोटो याहून वाईट आहे, बघ हौसेनं. पळस्पे फाट्यापर्यंत ट्रकच ट्रक, मग डोंगर दिसायला लागतो.

अभयारण्याच्या दाराच्या अलीकडेच उतरलो. टपरीवर वडापाव खाल्ला. वडा गरम, चटणी नुसतं तिखट पाणी. सायलीचं काम बाहेरच्या एका वाडीत चालतं, तिथं राहणाऱ्या चंद्राबाईच्या काट्याकुट्यांच्या कुंपणावर. पाऊस दोन दिवस उघडला होता, ऊन चावत होतं.

आणि तो दिसला. डोकं, गळा लालभडक, कुणी कुंकू फासल्यासारखा, खुंटावर बसून जोर काढत होता. माझा पदर आपोआप बेंबीवर गेला. लहानपणी आमच्या आळीत पक्कं ठाऊक होतं की लाल सरडा लांबून बेंबीतून रक्त ओढतो, म्हणून लाल झालेला दिसला की आधी पोट झाकायचं आणि मग दगड मारायचा. वळून बघते तर चंद्राबाईनंही पदर तिथंच धरलेला.

"आमी रोज बगतो तरी हात जातोच," ती म्हणाली. "तुमची नात म्हनते, रगत नाय पीत. मंग लाल कशानं व्हतो?"

सायलीनं आम्हा दोघींना बांधावर बसवून सांगितलं. दिवस लांबले, उकाडा आणि ओल वाढली, की त्याच्या अंडगोळ्या फुगतात. त्यातून हार्मोन नावाचा रस सुटतो, रक्तातून मेंदूत जातो आणि तिथली रसायनं बदलतात. मग मादी दिसली की डोकं सांगतं, मान हलव, रंग दाखव. मादीचंही तसंच. अंडी तयार होत आली की तिच्या अंगात तिचा रस चढतो आणि तेवढ्यापुरतीच ती त्याला जवळ येऊ देते. एरवी नाही.

तेवढ्यात मादी आलीच. मातकट, त्याच्याहून लहान. हा मान हलवून हलवून दमला. तिनं अंग ताठ केलं, तोंड वासून त्याच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. मला वाटलं, आता हा अंगावर जाणार. तो खाली उतरून दुसऱ्या खुंटावर जाऊन बसला.

मी विचारलं, "थंडीत यालाच तो रस टोचला, तर नाचेल का?"

"काही सरड्यांवर तसं करून बघितलंय, आजी," सायली म्हणाली. "अंगात रस भरपूर असतो, पण हंगाम नसेल तर मेंदूच नीट ऐकत नाही. हंगामासारखा नाही नाचत."

चंद्राबाईनं कोकम सरबत आणलं, आम्ही घरून बांधून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी सोडली. जेवताना दिलीपचा फोन आला, झाली का कबूल? म्हटलं, घरी येऊन सांगते. सायलीनं घास तसाच हातात धरला होता. ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं मी कशाला आले ते.

संध्याकाळी दिलीप दारातच उभा. म्हणाला, "आई, प्रत्येक गोष्टीचा हंगाम असतो. तिचा निघून चाललाय."

"हंगाम सरड्याला असतो," मी म्हटलं. "आणि त्यालाही बाहेरून टोचून भागत नाही, डोकं तयार लागतं. तुझी पोर नाही म्हणतेय. तिकडे मादीनं पाठ फिरवली, तर तो लाल डोक्याचा गुमान खाली उतरला. तुला तेवढंही जमत नाही?"

"पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, म्हातारी आडवी पडली."

त्यानं फोन केला. रविवारचे पोहे भिजवलेच नाहीत. पाहुणे यायच्या वेळेला मी परत त्याच कुंपणापाशी होते, सायलीच्या डोक्यावर छत्री धरून. एक सांगते, छत्री न्या पण हलवू नका. सावली सरकली की सरडा पळतो आणि नात ओरडते.

आता दिवाळी होऊन गेली. सायली म्हणते, तो लाल डोक्याचा मातीच्या रंगाचा झालाय, मादी शेजारून गेली तरी मान वर करत नाही. दिलीप अजून घुश्शात आहे, चहा मात्र माझ्याच हातचा पितो. शेजारच्या वहिनी विचारतात, मग सायलीचं कधी? मी म्हणते, तिचं तिला कळेल, मी विचारणार नाही आणि तुम्हीही विचारू नका.

परवा गच्चीच्या कठड्यावर सरडा बसला होता. पदर बेंबीवर गेलाच, सवय आहे. वहिनी झाडू घेऊन धावल्या, तेव्हा दुसऱ्या हातानं मी त्यांचा झाडू धरून ठेवला.