फिरत्या खुर्चीवरचं झाड

केस कापणाऱ्याच्या दुकानात झाडाला टक्कल पडावं, हा प्रकार फक्त या एकाच गृहस्थाच्या बाबतीत घडू शकत होता.

गल्लीत त्याला सगळे काटेतोल म्हणत. डावा कल्ला उजव्यापेक्षा जरासा खाली दिसला, तरी तो गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठू देत नसे. इकडे थोडं छाटायचं, मग तिकडे, मग पुन्हा इकडे. घाईत आलेली माणसं रडकुंडीला येत. त्यांच्या घाईशी याला काही देणंघेणं नसे. खुर्ची गर्रकन फिरवायची, मान वाकडी करून बघायचं आणि परत फिरवायची. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं, तर गालाला फेस लावलेला माणूस तसाच ठेवून तो आधी कॅलेंडर सरळ करायला जाई. बायको म्हणायची, "माझे दोन्ही कान सारखे निघाले म्हणून निभावलं. नाहीतर तुम्ही लग्नाला नकारच दिला असता."

तिचे केस लग्नापासून तोच कापत आला होता. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की ती वरच्या घरातून जिना उतरून यायची, खुर्चीत बसायची आणि अंबाडा सोडायची. त्या दाट केसांचा तिच्यापेक्षा त्यालाच जास्त अभिमान. टोकं सारखी करताना हा बडबड्या माणूस कधी नव्हे तो गप्प असायचा.

तिचा जीव मात्र दुसरीकडे होता. वरच्या खोलीत, खिडकीशी, तिचं फायकसचं झाड होतं. कुणीतरी दिलेली काडी बाटलीत रुजवून तिने ते खांद्याएवढं वाढवलं होतं. ओल्या फडक्याने ती त्याचं एकेक पान पुसायची आणि पुसता पुसता त्याला घरातल्या सगळ्या तक्रारी सांगायची. तक्रारी अर्थातच काटेतोलच्या असायच्या.

मग तिच्या अंगात गाठ निघाली. ऑपरेशन मुलीच्या गावी झालं. काटेतोल दुकान बंद करून गेला, दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला, आणि ती शुद्धीवर आल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली, तर त्याला परत पाठवलं.

"गाठ गेली, विषय संपला. आता इथे बसून काय करणार आहात? तिकडे माझं झाड वाळतंय."

"अगं, झाडाचं काय घेऊन बसलीस?"

"बोट मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. आणि त्याला जागेवरून हलवायचं नाही. ऐकताय ना?"

ऐकलं त्याने. पण दिवसभर तो खाली दुकानात आणि झाड वर रिकाम्या खोलीत एकटं, हे त्याला पटेना. दुकानाला रस्त्याच्या बाजूने मोठी काच होती, उजेड भरपूर होता. हलवायचं नाही म्हणजे उगाच हलवायचं नाही, असा सोयीचा अर्थ त्याने लावला आणि कुंडी छातीशी धरून जिना उतरला. कोपऱ्यात एक जुनी फिरती खुर्ची पडून होती, तिची गादी फाटलेली. त्यावर त्याने झाड बसवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण झाड खुर्चीत बसलं आणि काटेतोलच्या हाताला खाज सुटली. काचेकडची बाजू दाट दिसत होती, भिंतीकडची विरळ. असं अर्धवट डोकं त्याच्या दुकानात? रोज सकाळी शटर उघडलं की तो झाडाची खुर्ची फिरवू लागला. दोन्ही बाजूंना सारखं ऊन मिळायला नको का? मग कात्री घेतली. फांदी कापली की पांढरा चीक यायचा, तर त्यावर तो तुरटी चोळायचा. दाढी करताना कापलं तर तो गिऱ्हाइकाला तेच करायचा. शेजारचा चष्मेवाला दारात उभा राहून हे सगळं बघायचा. "पावडरही लावा मानेला," तो म्हणायचा.

एका सकाळी शटर वर केलं आणि काटेतोलच्या काळजात धस्स झालं. फरशी पानांनी भरली होती. हिरवी, पिवळी, चांगली धडधाकट पानं. त्याने एक फांदी नुसती बोटाने धरली, तर तिच्यावरची उरलेली पानं हातात आली. तो मटकन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. आपल्या हातात गळून आलेले केस बघून माणसं कशी घाबरी होतात, ते त्याने उभा जन्म पाहिलं होतं. आज स्वतःच्या हाताकडे तो तसाच बघत राहिला.

मग जी धांदल उडाली, ती विचारू नका. इथे वारा लागत असेल म्हणून झाड आरशाजवळ. तिथे उजेड कमी म्हणून दाराशी. दाराशी धूळ म्हणून परत कोपऱ्यात. तहान लागली असेल म्हणून पाणी, मग जास्त झालं असेल म्हणून माती उकरून वाळवणं. जितकी हलवाहलव केली, तितकी पानं गळाली. चष्मेवाला एकदा आत आला, झाडाकडे आणि मग काटेतोलकडे बघून म्हणाला, "अहो, तुमच्या दुकानात येऊन हे टकलं झालं, हे गिऱ्हाइकांना कळलं तर?" काटेतोल हसला नाही. तेव्हा चष्मेवाल्यालाही ओशाळल्यासारखं झालं.

बायकोचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"झाड कसं आहे?"

"मस्त. तू?"

"मस्त. जरा अशक्तपणा आहे, औषधं चालू आहेत. अजून थोडे दिवस राहीन म्हणते."

"मी येऊन जाऊ का?"

"आणि झाडाला पाणी कोण घालणार?"

एकदा तो मुलीला म्हणाला, तिचा चेहरा तरी दाखव. मुलगी अडखळली आणि म्हणाली, "बाबा, फोनचा कॅमेरा बिघडलाय." हे ऐकून काटेतोलचा जीव भांड्यात पडला, कारण चेहरा दाखवला असता तर झाडही दाखवावं लागलं असतं. भल्या माणसाला त्या बिघडलेल्या कॅमेऱ्याचा आनंद झाला! पुढे हे आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

तीन-चार महिन्यांनी ती आली, ती न कळवताच. दुपारी दुकान रिकामं होतं. काचेतून त्याने जावयाची गाडी पाहिली, गाडीतून उतरणारी बायको पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. झाडावर एक पान शिल्लक नव्हतं. काही सुचेना, तेव्हा त्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याला बांधायचं पांढरं कापड उचललं आणि झाडावर टाकलं.

जावई सामान वर न्यायला गेला आणि ती आत आली. खूप वाळली होती. डोक्याला कपाळापर्यंत रुमाल बांधला होता. एवढ्या उकाड्यात रुमाल कशाला, असं त्याच्या मनात आलं, पण जीव सगळा त्या कापडात अडकला होता.

"ते खुर्चीत कोण बसलंय?" तिने विचारलं.

तिने जाऊन कापड ओढलं. उघड्या काड्यांकडे ती बघत राहिली.

"हलवलंत ना?"

"फिरवलं," तो पुटपुटला. "रोज. दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून. मी मारलं गं तुझं झाड. आणि फोनवर रोज खोटं बोललो."

ती रागावली नाही, याचंच त्याला जास्त भय वाटलं. तिने नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत ओला हिरवा रंग होता.

"जिवंत आहे. एका जागी राहू द्या, फुटेल." मग ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसली आणि आरशात त्याच्याकडे बघत म्हणाली, "आता माझं बघा. ओरडू नका."

तिने रुमाल सोडला.

तो ओरडला नाही. ओरडायला आवाज लागतो. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. तो अंबाडा, तो दाट भार, कुठेच नव्हता. गोऱ्या, नाजूक डोक्यावर इथे तिथे केसांचे चारदोन पुंजके उरले होते. हजारो डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, पण हे डोकं त्याला ओळखता आलं नाही.

"हे... हे कधी झालं?"

"तुम्ही 'झाड मस्त आहे' म्हणायला लागलात ना, साधारण तेव्हापासून." ती थोडं हसली. "गाठ वाईट होती, मला ऑपरेशनआधीच कळलं होतं. त्यावरच्या औषधाने केस गेले. औषध आता संपलं. डॉक्टर म्हणाले, केस परत येतील."

"आणि मला परत पाठवलंस? झाडाला पाणी घालायला?"

"तुम्हाला हे रोज बघवलं नसतं. कॅलेंडर तिरकं झालं तर तुमचा घास अडकतो."

त्याला हुंदका आला. इतके दिवस तो पानं गोळा करत बसला होता, आणि तिकडे ही उशीवरचे केस गोळा करत होती.

"रडणं पुरे. हे पुंजके काढून टाका. मुलगी मशीन घेऊन मागे लागली होती, मी म्हटलं खबरदार. माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही."

त्याने शटर अर्धं खाली ओढलं. कोमट पाणी घेतलं, ब्रश फिरवून फेस केला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. झाडावरून ओढलेलं पांढरं कापड झटकून त्याने तिच्या गळ्याशी बांधलं. ती डोळे मिटून बसून राहिली.

डावी बाजू झाली. उजवीकडे यायचं म्हणून सवयीने त्याचा हात खुर्ची फिरवायला गेला, आणि तिथेच थांबला. त्याने खुर्चीवरचा हात काढला आणि स्वतःच तिच्याभोवती वळून पलीकडे गेला.