मधला स्पीकर

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी यंत्रमागाच्या खडखडाटात गेली. कान अधू झाले होते, पण मोठ्यानं बोललं की ऐकू यायचं. आई गेल्यावर सोलापुरात ते एकटेच. टीव्हीची तेवढी सोबत, म्हणून पुण्याहून येताना मी होम थिएटर आणलं. आवाज मोठा असला की झालं, एवढीच माझी समज. मधला स्पीकर ठेवायला टीव्हीखाली जागा नव्हती, तो मी खोक्यातच राहू दिला. रिमोटवर ‘सराउंड’ लावलं आणि परत गेले.

फोनवर विचारलं तर म्हणाले, “लई झ्याक हाय की.”

पुढं त्यांनी फोन घेणंच सोडलं. माझाही आणि अक्कलकोटच्या आत्याचाही. शेजारच्या काकू सांगायच्या, “कान गेले म्हणतात.” वयच झालं, असं मी धरून चालले.

आत्या तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिनं मला दोनदा विचारलं, “दादा माझ्यावर रुसलाय का गं?”

“नाही गं, त्यांना ऐकू येत नाही आता.”

महिन्याभरात ती गेली.

तेराव्यानंतर मी सोलापुरात थांबले. आण्णा म्हणाले, “त्यात रेडिओ बी हाय म्हणं. गाणी तरी ऐकीन. लागतोय का बघ.” अँटेनाची तार अजून पिशवीतच होती. ती कुठं जोडायची ते बघायला माहितीपुस्तिका उघडली. तिथं लिहिलं होतं, सराउंडमध्ये माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. तो जोडलेला नसेल तर स्टिरिओ लावा, म्हणजे बोलणं बाजूच्या स्पीकरमधून येईल.

मी स्टिरिओ लावलं. बातम्या देणारी बाई स्पष्ट बोलायला लागली. आण्णा खुर्चीत पुढं सरकले.

“बोलतीया की ही!”

“इतके दिवस बोलणं येतच नव्हतं?”

“ढोल, गाणी यायची. तोंडं नुसती हालायची. मला वाटलं, कान संपलं, म्होरं बसून वरडलं तरच कळतंय. मग फोन घिऊन काय करू? लाज वाटायची.”

चूक माझी होती, हे मी सांगितलं. ते म्हणाले, “फोनवर तिला काय बोलायचं हुतं?”

“तुम्ही रुसलात का, एवढंच विचारायची.”

मी रेडिओ लावला आणि अँटेनाची तार खिडकीच्या गजाला बांधली. खरखर थांबून आकाशवाणी स्वच्छ लागली. आण्णांनी हात हलवला. “ऱ्हाऊ दे. बंद कर.”

आता ते माझा फोन घेतात. दोन वाक्यांत आटपतात. टीव्ही मात्र फारसा लावत नाहीत, असं काकू सांगतात.